वांगी रंगाची खोली

आमच्या समोरचं, रस्त्याच्या पलीकडचं घर माझ्या मैत्रिणीला मीच शोधून दिलं. हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलं आहे की माझी मुलगी आता मी तोंड उघडण्याआधीच कपाळाला हात लावते. पण ते खरं आहे. घर विकायला निघाल्याची पाटी सकाळी लागली आणि दुपारी मी तिला फोन केला, "सगळं सोड आणि आत्ताच्या आत्ता बघून जा."

तिची-माझी ओळख हॉस्पिटलच्या कँटीनमधली. मी लंडनजवळच्या वॉटफर्डच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, ती तिथे फिजिओथेरपिस्ट म्हणून नव्याने आली होती. रांगेत माझ्यापुढे उभी असलेली एक मुलगी फोनवर म्हणत होती, "अगं हो आई, जेवले. वरणभातच जेवले." तिच्या ट्रेमध्ये मात्र चीज सँडविच होतं. मला हसू आवरेना. तिने वळून पाहिलं, आणि तीही हसली. ती सांगलीची, मी पुण्याची. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण पहिल्या आठवड्यातच आम्ही अगं-तुगंवर आलो. तिला या गावात माणसं कुठे भेटतात, कढीपत्ता कुठे मिळतो, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, हे सगळं मी सांगितलं. तिने ते ऐकलं. कुणीतरी आपलं ऐकतंय, यात फार सुख असतं. ते मी दोन वर्षं मनसोक्त भोगलं.

तर ते घर. मी तिच्याबरोबर बघायला गेले होते. तिथे एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत होते आणि ते आता मुलीकडे राहायला गेले होते. घरभर तपकिरी, वेलबुट्टीचं कार्पेट. बाथरूममधलं टबापासून कमोडपर्यंत सगळं पोपटी. स्वयंपाकघराच्या टाइल्सवर फळांच्या परड्या, आणि जिन्याच्या भिंतीला असा वॉलपेपर की बघून चक्कर यावी. ती नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा छताकडे. मी मात्र भिंतींवर हात फिरवला, ओल आहे का पाहिलं, खिडक्या उघडून बघितल्या आणि म्हटलं, "हाडं मजबूत आहेत याची. घ्या."

सल्ला प्रामाणिक होता. पण घरी येताना रस्ता ओलांडता ओलांडता मला बरंही वाटत होतं, आणि ते बरं वाटणं तिच्यासाठी नव्हतं. आमचं घर त्यापुढे किती नीटनेटकं दिसेल, या विचाराने ते वाटत होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळून मी ते बाजूला सारलं.

आमचं घर तेव्हा नऊ वर्षांचं जुनं झालं होतं, म्हणजे आम्ही घेऊन नऊ वर्षं झाली होती. सगळ्या भिंती मॅग्नोलिया. या देशात भाड्याच्या घरांना फासतात तो पिवळट पांढरा रंग. माझा नवरा रेल्वेच्या सिग्नलचं काम करतो, त्याला कुठलीही गोष्ट धोक्याशिवाय चालू राहावी असं वाटतं. "न्यूट्रल ठेवू," तो म्हणाला होता. "पुढे विकायला बरं." आम्हाला घर विकायचं नव्हतं. तरी नऊ वर्षं आम्ही ते कुणा अनोळखी गिऱ्हाइकासाठी सांभाळत होतो. लाउंजमध्ये एल आकाराचा करडा सोफा आणि त्याच्यावर, सोफ्याबरोबरच घेतलेलं, लाल बसचं भलंमोठं चित्र. आम्ही त्या बसने कधी प्रवास केला नव्हता.

मैत्रीण राहायला आली आणि सहा महिने तिने काहीच केलं नाही. छताला नुसते बल्ब लटकत होते. मी विचारलं तर म्हणाली, "घर जरा कळू दे गं. कुठे ऊन येतं, आम्ही कुठे जास्त बसतो, बघते." मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "तिला जमणार नाही. ती अशीच त्या तपकिरी कार्पेटवर म्हातारी होणार." हे म्हणताना माझ्या आवाजात काळजी होती, असं मला वाटलं होतं. नवरा म्हणाला, "तू एवढी खूश का दिसतेयस?"

मग उन्हाळ्यात तिचे वडील आले, तीन महिन्यांसाठी. सांगलीत त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. किराणा, पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, शाळांवरचे सुविचार. काटकुळे, कमी बोलणारे गृहस्थ. एकदा मी शनिवारी सकाळी गेले तर कार्पेट सगळं उखडून बाहेर पडलेलं, खालच्या लाकडी फळ्या घासून मोकळ्या केलेल्या, आणि काका जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे. भिंत हाताच्या उंचीपर्यंत मोरपंखी, वर चुन्यासारखी पांढरी, आणि दोन्ही रंग जिथे भेटतात तिथून ते शेंदरी रंगाची बोटभर रुंद पट्टी ओढत होते. हातात ब्रश, मनगटाखाली एक बारीक काठी टेकू म्हणून. पट्टी जिन्याबरोबर वर चढत होती आणि कुठेही हलत नव्हती.

"काका, टेप नाही लावत?" मी विचारलं.

ते ब्रश न उचलता म्हणाले, "टेप लावली की हात आळशी होतो, ताई."

वरच्या लँडिंगवरून दुसरी पट्टी खाली येत होती. ती माझी मैत्रीण ओढत होती. तिलाही टेप लागत नव्हती. ती लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसून हे करत आली होती, आणि दोन वर्षांत तिने हे मला एकदाही सांगितलं नव्हतं. कशाला सांगेल? मी तिला कढीपत्ता कुठे मिळतो ते सांगण्यात मग्न होते. बाप वरती सरकत होता, लेक खाली, आणि दोघांच्या पट्ट्या मधे एका जागी मिळाल्या. कुठे जोड आहे ते दिसलं नाही. मी टाळ्या वाजवल्या. आतून मात्र कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं.

काका परत गेल्यावर तिने बाकीचं घर स्वतः केलं. जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून एकेक खुर्ची आणली, प्रत्येकीचं लाकूड वेगळं, पण सगळ्यांच्या पाठी तिने एकाच शेंदरी रंगात रंगवल्या. स्वयंपाकघरातल्या फळांच्या परड्या तिने काढल्याच नाहीत. उलट त्यांच्यातला लिंबाचा पिवळा उचलून कपाटांना लावला, आणि ज्या टाइल्सना मी हसले होते त्या एकदम मुद्दाम निवडून आणल्यासारख्या दिसायला लागल्या. पोपटी बाथरूमसुद्धा तिने ठेवलं. दाराच्या आतल्या बाजूला वडिलांच्या पाटीच्या अक्षरांत लिहिलं: "कृपया नळ घट्ट बंद करावा." आत गेलेला प्रत्येक माणूस हसत बाहेर यायचा.

नवरात्रात तिने हळदीकुंकू केलं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या वीस-बावीस बायका आल्या, हाउन्सलोहूनही चार-पाच जणी गाडी करून आल्या होत्या. दारातून आत पाऊल टाकताच प्रत्येकीच्या तोंडून "अय्या" निघत होतं. मी उंबऱ्याशी चपला सरळ करत होते, त्यामुळे प्रत्येक "अय्या" मी जवळून ऐकला. "कुणी केलं? डिझायनर लावला का?" "किती वॉर्म वाटतंय गं, एकदम तुझ्यासारखं!" "आमच्याकडे ये ना एकदा, आमचा लाउंज अगदीच बोअरिंग झालाय."

मी तिथेच उभी आहे हे एकीच्या लक्षात आलं. तिने माझ्या दंडाला हात लावला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुझंपण घर छान आहे हं. कायम स्वच्छ असतं."

स्वच्छ! मी ओटी घेतली, रस्ता ओलांडला, घरात आले आणि दिवा न लावता लाउंजमध्ये उभी राहिले. करडा सोफा, लाल बस. मग मी तो सोफा ओढायला लागले. एकटीने. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नवरा कामावरून आला आणि दारातच त्याचा गुडघा सोफ्यावर आपटला. "हे काय?" तो म्हणाला. "काही नाही," मी म्हणाले. "जरा बदल." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून सोफा परत होता तिथे नेला, कारण टीव्हीची वायर पुरत नव्हती.

त्यानंतर मला एक सवय लागली. भांडी घासताना मी आमच्या पुढच्या खिडकीतून तिच्या खिडकीकडे बघायचे. काही नवीन आलं की लगेच कळायचं. तिने पितळी पायाचा एक दिवा खिडकीत ठेवला, तर तिसऱ्या आठवड्यात मी तसाच शोधून आणला. पण ती आमच्याकडे यायची झाली की मी तो उचलून वर अडगळीच्या बॉक्स रूममध्ये, इस्त्रीच्या टेबलामागे ठेवून यायचे. एकदा ती न सांगता आली. मी दिवा शालीत गुंडाळून जिना चढत होते. तिने खालून विचारलं, "काय गं, बाळ आहे की काय?" मी म्हटलं, "धुणं." ती गेल्यावर मी बराच वेळ इस्त्रीच्या टेबलापाशी बसले होते. पंचेचाळीस वर्षांची, डझनभर लोकांच्या लॅबची जबाबदारी असलेली बाई, आणि शालीत दिवा.

मार्चमध्ये तिने मला बोलावलं. मागची मोठी बेडरूम तेवढी रंगवायची राहिली होती. तिने भिंतीवर दोन चौकोन रंगवून ठेवले होते, प्रत्येकी वहीच्या पानाएवढे. एक निळसर करडा, पावसाळी आभाळासारखा, मऊ. दुसरा गडद वांगी, जवळजवळ काळा.

"मला खरंच कळत नाहीये," ती म्हणाली. "हे म्हणतात दोन्ही चांगले आहेत. यांना सगळंच चांगलं वाटतं. तू सांग."

सकाळची वेळ होती, खोलीत उजेड बेताचाच होता. मला पहिल्या नजरेत कळलं. निळसर रंग सुंदर होता. वांगी रंगात ती खोली गुदमरून जाईल, लहान दिसेल, कुबट दिसेल. हे मला दिसलं आणि त्याच क्षणी मी बोलले.

"हा," मी म्हणाले, आणि वांगी चौकोनावर बोट ठेवलं.

"डार्क नाही होणार?"

"तेच तर. सगळ्यांकडे फिकट असतो. तू धाडस कर."

"शुअर?"

"अगदी."

तिने माझा हात दाबला. "बरं झालं तुला विचारलं." मी खाली आले, तिने केलेला चहा प्यायले, वर आणखी अर्धा कप मागितला. घरी जाताना माझी पावलं हलकी पडत होती. त्या हलकेपणाची मला आजही लाज वाटते, पण तो होता, हे नाकारता येत नाही.

तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला: "ये बघायला. संध्याकाळीच ये." मी केकसुद्धा घेऊन गेले. चेहरा कसा करायचा तेही ठरवलं होतं, थोडा सहानुभूतीचा, थोडा "सवय होईल गं" असा.

तिने दार उघडलं. ती खोली पश्चिमेला आहे. उतरतं ऊन बागेवरून सरळ आत आलं होतं आणि चारही भिंतींवर पसरलं होतं, आणि त्या उन्हात तो काळपट रंग पिकल्या जांभळासारखा आतून उजळला होता. तिने छत पांढरं ठेवलं होतं आणि भिंत संपते तिथून तीच बारीक पट्टी फिरवली होती, या वेळी फिक्या सोनेरी रंगात, अर्थात हाताने. आईची जुनी पांढरी सोलापुरी चादर पलंगावर. बास. आणखी काही नाही. मी आयुष्यात पाहिलेली ती सगळ्यात देखणी खोली होती.

"बघ," ती म्हणाली, "ही तुझी खोली."

त्यानंतर जे झालं ते माझ्या कल्पनेतही नव्हतं. ती सगळ्यांना सांगत सुटली की हा रंग मी निवडला. फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला, खाली माझं नाव आणि टाळ्या. पुढच्या कार्यक्रमात दोघी-तिघी माझ्याजवळ आल्या. "तुला नजर आहे गं. इतकी वर्षं लपवून ठेवलीस!" हाउन्सलोच्या एक काकू, चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर नवऱ्याबरोबर आलेल्या, मला म्हणाल्या, "आमच्या पडद्यांचं जरा बघून दे बाई. सुनेचं आणि माझं जमत नाही, तिसरं माणूस हवं."

"अहो काकू, मला कुठे काय कळतं," मी म्हणाले.

"असं हुशार माणसंच म्हणतात," काकू म्हणाल्या.

मी गेले. त्यांच्या लाउंजमध्ये डोळे बारीक करून उभी राहिले, पडद्याचं कापड उजेडाला धरलं, "हं" म्हटलं, "साउथ फेसिंग का?" असं विचारलं. मधल्या रंगाचं कापड निवडलं, कारण सासू आणि सून दोघींचा राग त्यात सारखा वाटला जाणार होता. दोघी खूश झाल्या. मला खोबऱ्याच्या वड्यांचा डबा मिळाला. परतीच्या वाटेवर, ट्रेनमध्ये, मला हळूहळू वाटायला लागलं की कदाचित मला खरंच नजर असेल. कदाचित त्या सकाळी माझ्या आतल्या कुठल्यातरी शहाण्या बाईने बरोबर रंग निवडला असेल, आणि मलाच उगाच वाटतंय की मी वाईट हेतूने बोट ठेवलं. खोटं असं आपल्याच पायांनी चालत घरी येतं आणि आपल्यालाच पटवतं.

मेच्या सुट्टीत नवरा त्याच्या भावाकडे लीड्सला गेला होता. मी वांगी रंगाचे दोन डबे आणले. तोच रंग, तीच कंपनी. तिच्या बागेतल्या शेडमधल्या डब्यावरचा नंबर मी घडीच्या खुर्च्या आणायला गेले असताना टिपून ठेवला होता. आमची मागची बेडरूम, तिच्याएवढीच, आरशात पाहावी तशी उलटी. दोन दिवस मी रोलर फिरवला. छताच्या कडेला निळी टेप लावली. टेप काढली तेव्हा रंग खाली झिरपून छतावर दातेरी झाला होता, आणि त्यावर सोनेरी पट्टी ओढायला गेले तर ती दारुड्यासारखी चालली. मी ती पुसली. पुसल्यावर तिथे शेणकट डाग राहिला.

आणि आमची खोली पूर्वेला आहे. ऊन सकाळी येतं, मी कामावर निघेपर्यंत निघून जातं. दुपारनंतर त्या भिंती नुसत्या काळ्या. आत गेलं की कुणीतरी आजारी आहे असं वाटायचं.

माझी मुलगी दारात येऊन उभी राहिली. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. "आई," ती म्हणाली, "आपला घर मावशीचा घरासारखा का करतेस? इट्स अ बिट वीअर्ड."

"आपलं घर," मी म्हणाले. "मावशीच्या घरासारखं."

"हो, तेच. पण का?"

मी तिला ब्रश धुवायला पाठवलं.

चार दिवसांनी मैत्रीण डब्यात दडपे पोहे घेऊन आली. मुलीने खालीच सांगून टाकलं, "मावशी, वरती बघ, आईने तुझावाला कलर केला." मी जिन्यात आडवी येईपर्यंत ती वर पोहोचली होती. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. छताच्या कडेकडे बघितलं, डागाकडे बघितलं. मी वाट बघत होते. तिने रागवावं अशी माझी इच्छा होती. चोरी पकडली गेली की निदान हिशेब मिटतो.

ती वळून म्हणाली, "सांगितलं का नाहीस? पट्टी मी ओढून दिली असती."

"तुझी कॉपी केली म्हणून तुला राग नाही आला?"

"वेडी आहेस का? रंग तुझाच आहे. तू नसतीस तर मी तो करडा लावून बसले असते. इथे फक्त उजेड कमी आहे, आपण एक भिंत पांढरी करू, बघ कसं..." आणि ती बाह्या वर सारायला लागली.

तो तिचा चांगुलपणा मला सहन झाला नाही. मी म्हणाले, "मला तो करडाच आवडला होता."

"काय?"

"त्या दिवशी. मला करडा चांगला वाटला होता, वांगी घाण वाटला होता. म्हणून मी तुला वांगी सांगितला. वाटलं, तुझी एक तरी खोली बिघडावी."

ती आधी हसली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि तिचं हसू थांबलं. "पण का?"

"सगळे तुझ्या घराचं कौतुक करतात," मी म्हणाले. मोठ्याने म्हटल्यावर ते दुसरीतल्या मुलीच्या तक्रारीसारखं ऐकू आलं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. पलंगावर प्लॅस्टिक अंथरलेलं होतं, ते करकरलं. ती म्हणाली, "मी बाबांना फोटो पाठवला होता. ते म्हणाले, फोटोत रंग कळत नाही, तिथल्या विश्वासाच्या माणसाला विचार. म्हणून तुला बोलावलं."

मी रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"घर घेतानाही असंच काही होतं का?"

"नाही. शपथ. घर मला खरंच चांगलं वाटलं होतं."

हे खरं होतं. पण मी त्या तपकिरी कार्पेटवर मनातल्या मनात किती खूश झाले होते, ते मी तिला सांगितलं नाही. ते तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं. ती "ठीक आहे" म्हणाली, उठली, आणि गेली. डबा विसरली. मी तो धुऊन तिच्या पायरीवर ठेवून आले, बेल न वाजवता.

मग चार-पाच महिने आम्ही एकमेकींना फक्त हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भेटलो. "काय, कशी आहेस?" "बरी. तू?" आणि दोघी दोन दिशांना. कुणाला काही सांगितलं नाही तिने. मंडळात माझी नजर अजूनही चांगलीच होती. त्यातला प्रत्येक शब्द आता टोचत होता.

नवऱ्याने लीड्सहून येऊन खोली पाहिली, शिटी वाजवली, आणि पुढच्या रविवारी न बोलता पांढरा रंग घेऊन आला. चार हात द्यावे लागले, वांगी सारखा खालून डोकावायचा. तिसऱ्या हाताच्या वेळी मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, रोलर चालवत. मग म्हणाला, "तिचं राहू दे. तुला काय आवडतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुला. कुणी येणार नसेल, कुणी बघणार नसेल, तर तुला कसं घर हवंय?"

त्या प्रश्नाचा मला इतका राग आला की मी खाली निघून गेले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी माझ्या टेबलापाशी बसले होते. पांढरा उजेड, स्टीलचा ओटा, काचेच्या बाटल्या ओळीने, प्रत्येकीवर चिठ्ठी. तिथे मी वीस वर्षं बसते आहे आणि तिथे मला एकदाही, आपण दुसरंच कुणी असावं, असं वाटलेलं नाही. मी तिथलं टेबल पुसता पुसता थांबले.

लाल बस गेली. करडा सोफा एका तरुण जोडप्याने व्हॅन आणून नेला, आणि लाउंज एकदम श्वास घेतल्यासारखा रिकामा झाला. स्वयंपाकघरातली वरची कपाटं मी काढून टाकली आणि भिंतीवर स्टीलची मांडणी लावली. ताटं उभी, वाट्या पालथ्या, पेले रांगेत. ती भारतातून मागवावी लागली, तिच्या खिळ्यांना इथली भिंत दाद देईना, नवऱ्याने दोनदा ड्रिल केलं. बाजूला काचेच्या बरण्या, सगळ्या एका मापाच्या, डाळी आणि मसाल्यांच्या, आणि प्रत्येकीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी. भिंती पांढऱ्या. पिवळट नव्हे, स्वच्छ पांढऱ्या. मुलगी म्हणाली, "इट लुक्स लाइक अ लॅब." मी म्हटलं, "हो." मला खूप वर्षांनी स्वयंपाकघरात उगाच जाऊन उभं राहावंसं वाटलं.

मंडळातल्या बायका आल्या, मांडणीकडे पाहून "माझ्या मावशीकडे होती अशी" इतकंच म्हणाल्या आणि समोसे खायला लागल्या. कुणी "अय्या" म्हटलं नाही. मला वाईट वाटलं. वाटणार नाही असं मी स्वतःला बजावलं होतं, तरी वाटलं.

मैत्रीण दिवाळीत आली. फराळाचं ताट घेऊन, नवरा आणि मुलासकट, त्यामुळे बोलायला कुणाला जागा नव्हती. माणसं लाउंजमध्ये बसली आणि ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. मांडणीसमोर उभी राहिली. तिने हात वर करून एक वाटी काढली, चिवडा घातला, उभ्या उभ्या खाल्ला.

"बाबा विचारत होते तुझ्याबद्दल," ती म्हणाली. "मी काही सांगितलं नाही त्यांना."

"थँक्स."

"तुझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी नाही सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असतं." मग वाटी सिंकमध्ये ठेवत म्हणाली, "ती खोली मात्र मला आवडते अजून. राग येतो, पण आवडते. आता काय करायचं?"

"मला काय विचारतेस," मी म्हणाले. आणि दोघींना एकदमच हसू आलं. हसू फार टिकलं नाही, पण आलं.

आता आम्ही बोलतो. एकमेकींकडे जातो, वाटी-डबे फिरतात, तिच्या मुलाला मी शाळेतून आणते. पूर्वीसारखं आहे असं मी म्हणणार नाही. गेल्या महिन्यात तिने लॉफ्टमध्ये खोली काढायला घेतली आहे. शनिवारी मी बरण्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवत होते आणि समोर गाडी थांबली. मैत्रीण उतरली, आणि तिच्याबरोबर एक तरुण मुलगी, हॉस्पिटलात नवीन आलेल्या डॉक्टरची बायको, हातात वॉलपेपरचे रोल आणि रंगांची कार्डं. दोघी दारात थांबून एक कार्ड उजेडाला धरून बघत होत्या. ती मुलगी काहीतरी म्हणाली, आणि माझ्या मैत्रिणीने मान डोलावली. तिचं ऐकलं.

त्या घराचा मला आता पूर्वीएवढा हेवा वाटत नाही. पण त्या मुलीचा वाटला, इतका की हातातली चिठ्ठी वाकडी चिकटली, आणि तूरडाळीची बरणी तेव्हापासून तशीच तिरकी आहे.